पंधरा हजार चारशे बारा किलोमीटर

रविवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी शुभाची. बँकेने दिलेली, मागच्या वर्षीची. जानेवारीची अकरा पानं तिने भरली आहेत. कुठल्या दिवशी कुठली भाजी, बाईने कधी दांडी मारली, एवढंच. बाकीची कोरी आहेत. कोरी पानं टाकून देणं मला जमत नाही. वार एकाने चुकतो, म्हणून छापलेला शनिवार खोडून रविवार लिहिला.

गंधालीचा हैदराबादहून फोन आला. म्हणाली, "बाबा, आईची गाडी वर्षश्राद्धापर्यंत विकून टाक. खाली उभी राहून सडतेय."

मी म्हटलं, सडत नाही, मी रोज पुसतो.

"तेच म्हणतेय मी. वॉचमनने सांगितलं मला. दिवसातून दोनदा पुसतोस."

मी कबूल केलं. वर्षश्राद्ध २१ मार्चला आहे. दीड महिना आहे. मी शब्द दिला आहे आणि दिलेला शब्द मी पाळतो.

मला गाडी चालवता येत नाही. आठ वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा शुभाने मला तीन दिवस शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या भिंतीचा आधार घेऊन गाडी थांबवली. तेव्हापासून मी डावीकडे बसायचो.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

विकायची वस्तू आधी तपासायची असते. विक्रोळीच्या कंपनीत एकतीस वर्षं मी तेच केलं. माल सदोष असेल तर त्यावर लाल चिठ्ठी, पास असेल तर हिरवी. निरोप समारंभात साहेबांनी गमतीने दोनशे लाल चिठ्ठ्यांचं बंडल भेट दिलं होतं. हिरव्या दिल्या नाहीत.

सकाळी नऊ ते दुपारी दोन गाडी तपासली. सत्तावीस दोष निघाले. प्रत्येकावर दोऱ्याने चिठ्ठी बांधली. काही इथे उतरवतो.

दोष ४: मागच्या डाव्या दाराची काच शेवटची दोन बोटं वर जात नाही. हाताने ढकलावी लागते.

दोष ९: वायपर बंद केल्यावर आणखी एकदा फिरतो.

दोष ११: हॉर्न हळू वाजतो. समोरच्याची माफी मागितल्यासारखा.

दोष १७: ड्रायव्हरच्या सीटला खड्डा पडला आहे.

दोष १८: गाडीत अमृतांजनाचा वास आहे. काचा उघड्या ठेवल्या तर जाईल. उघड्या ठेवलेल्या नाहीत.

दोष २७ने मात्र घोळ केला आहे. मीटरवर ३६,४१२ किलोमीटर दिसतात. गाडी कुठे कुठे गेली ते मला पाठ आहे. रविवारचा बाजार, ठाण्याला तिची आई, वर्षातून दोनदा पुणे, एकदा गणपतीपुळे. सगळं सढळ हाताने धरलं तरी एकवीस हजारांच्या वर जात नाही. चिठ्ठीवर लिहिलं: "१५,४१२ कि.मी. कुठे चालली ते मालकाला माहीत नाही."

शनिवार, १० फेब्रुवारी

गंधालीने फोनवरून एक एजंट ठरवला आहे. नितेश नाव, साकीनाक्याला ऑफिस, वय चाळीसच्या आसपास, गॉगल डोक्यावर. गाडीभोवती एक फेरी मारली आणि तो खाली कठड्यावर बसला.

"काका, ही गाडी आहे की आयसीयूमधला पेशंट?"

मी म्हटलं, दोष दाखवले आहेत.

"टायरला पण चिठ्ठी?"

"टायर जुने आहेत."

"ते गिऱ्हाइकाला दिसतं ना! डोळे असतात त्याला." मग सत्तावीस नंबरची चिठ्ठी वाचून तो उठून उभा राहिला. "अहो काका, आठ वर्षांत छत्तीस हजार म्हणजे गाडी देवघरात ठेवली होती म्हणायची. लोक एवढ्या कमीसाठी मीटर मागे फिरवतात. आणि तुम्ही स्वतःहून सांगता की जास्त चाललीय?"

"जास्त चाललीय असं नाही. कुठे चालली ते माहीत नाही."

"ते तर अजून वाईट!"

सगळ्या चिठ्ठ्या काढा म्हणाला. ते शक्य नाही. बांधलेली लाल चिठ्ठी दोनच कारणांनी निघते. दोष दुरुस्त झाला तर, किंवा घेणाऱ्याने 'दोषांसह स्वीकारले' अशी सही केली तर. हा कंपनीचा नियम आहे. नितेश म्हणाला, ही कंपनी नाही. मी म्हटलं, नियम तर तोच आहे.

जाताना तो धंद्याची एक गोष्ट सांगून गेला. गिऱ्हाइकाला स्वतःला काहीतरी सापडलं पाहिजे. सापडलं की त्याला आपण हुशार वाटतो, मग तो गाडी घेतो. "एक तरी दोष त्याच्यासाठी ठेवा ना काका. सगळं ताट तुम्हीच वाढलंत तर तो जेवणार कसा?"

विचार करतो आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. भांडुपचे गुणाजी, सोबत त्यांची बायको जानकी. दोघं साठीचे. गावी कणकवलीला जायला गाडी हवी आहे. गुणाजींनी चष्मा लावून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मला बरं वाटलं. इतक्या मन लावून आजवर कोणी माझं काही वाचलं नव्हतं.

मग ते हळूच म्हणाले, "सगळा खरा लिवलास?"

"हो."

"मगे लपवलास काय?"

"काही नाही."

"तसा कसा? इतक्या बारीक सांगणारो माणूस मोठा कायतरी लपवताच."

जानकीबाई गाडीपासून चार पावलं लांब उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गाडी कोणाची. मी म्हटलं, माझ्या बायकोची, ती गेल्या वर्षी वारली. त्यांनी नवऱ्याची बाही धरली. "चला हो घराक. लाल दोरे बांधून ठेवल्यानी हत. त्यांनी ती खंय जाता नये म्हणान बांधलेली आसा."

मी सांगायचा प्रयत्न केला की दोरे कंपनीच्या पद्धतीचे आहेत. गुणाजींनी जाताना गाडीला नमस्कार केला.

गंधालीला फोनवर सांगितलं. ती हसली आणि मग आवाज येईनासा झाला. नेटवर्क गेलं असावं.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज चूक झाली. कोणाची, ते ठरवता आलं नाही.

परवा पुसताना अठ्ठाविसावा दोष सापडला होता. गाडीतलं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. नितेशचा सल्ला आठवला आणि चिठ्ठी बांधली नाही. पण दोष माहीत असताना न सांगणं म्हणजे फसवणूक. दोन दिवस विचार करून मधला मार्ग काढला.

मिहिर नावाचा एक तरुण घाटकोपरहून आला. लॅपटॉपवर तक्ता करून आणला होता, सोबत मेकॅनिक. मी त्याला सरळ सांगितलं, "सत्तावीस दोष लिहिले आहेत. अठ्ठाविसावा मुद्दाम सांगितलेला नाही. तो तुम्ही शोधायचा आहे."

"का?"

"तुम्हाला सापडला की तुम्हाला बरं वाटेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मेकॅनिकला म्हणाला, "बॉनेट उघड."

सव्वातीन तास शोधलं. सीट काढल्या. मेकॅनिक गाडीखाली झोपून राहिला, मला वाटलं त्याला डुलकी लागली. मिहिरने तीन वेळा त्याच घड्याळाकडे बघून "शिट, उशीर झाला" म्हटलं. प्रत्येक वेळी मला आशा वाटली. शेवटी तो घामाने भिजून बाहेर आला. "अंकल, प्लीज. सांगा."

मी सांगितलं.

त्याने लॅपटॉप बंद केला. गेटपर्यंत गेला आणि परत आला. "सहा मिनिटं? अंकल, तुम्ही माझा रविवार खाल्लात!"

मेकॅनिक मागे राहिला होता. हात पुसत मला म्हणाला, "गाडी चांगली आहे. फक्त क्लच झिजलाय. नवा टाकूनही झिजलाय. असा क्लासच्या गाडीचा झिजतो. नवशिके अर्धा पाय ठेवून चालवतात ना, तसा. क्लासला होती का?"

मी म्हटलं, नाही. माझी बायको फार चांगली चालवायची.

तरी हे तज्ज्ञाचं मत असल्यामुळे नोंद केली. दोष २८: घड्याळ. दोष २९: क्लच क्लासच्या गाडीसारखा झिजलेला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

शुभा दर गुरुवारी सकाळी गाडी घेऊन दत्ताच्या देवळात जायची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून, सहा वर्षं. मी तेव्हा कामावर असायचो. निवृत्त झाल्यावर एकदा म्हटलं, मीही येतो. म्हणाली, तुम्हाला बारा वाजेपर्यंत उपाशी राहवणार नाही. ते खरं होतं.

आज देवळापर्यंत चालत गेलो. पावलं मोजली. चारशे मीटर.

जाऊन येऊन आठशे मीटर. सहा वर्षांचे गुरुवार धरले तरी अडीचशे किलोमीटर होतात. पंधरा हजार होत नाहीत. आणि चारशे मीटरसाठी गाडी कशाला, हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

पुजाऱ्यांना विचारलं. म्हणाले, "यायच्या की. नमस्कार करून लगेच जायच्या. गाडी चालूच असायची बाहेर."

मी शुभावर संशय घेत नाही. फक्त हिशोब लागत नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

गाडीला तिसावी चिठ्ठी बांधलेली सापडली. ती माझी नाही. अक्षर बायकी. "निधीचं लग्न जमू दे." आरशाला एक काळा दोरा आणि बॉनेटवर जास्वंद. वॉचमन म्हणतो, सी विंगमधल्या बायका सकाळी येतात. कोणीतरी फोटो काढून सगळीकडे पाठवला आहे, खाली पत्ता देऊन लिहिलंय की मुलुंडची नवसाची गाडी, मालकीण वारली आहे, विकणे आहे.

निधीची चिठ्ठी काढता येत नाही. तो दोष दुरुस्त झालेला नाही.

गंधालीला विचारलं, आई गुरुवारी कुठे जायची?

"देवळात ना? बाबा, तू काय शोधतोयस?"

"किलोमीटर."

"मिळाले तर काय करणारेस?"

हा प्रश्न मला कळला नाही. मिळाले तर चिठ्ठी काढता येईल. म्हटलं, आई माझ्याशी खोटं बोलत होती का एवढंच कळलं पाहिजे. त्याशिवाय गाडी दुसऱ्याला कशी देणार?

"बाबा, त्याचा गाडीशी काय संबंध?"

मी फोन ठेवला. पण संबंध आहे. चौतीस वर्षं मी एका माणसाच्या शेजारी बसलो आणि मीटर बघितला नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

या तारखेला डायरीत पान नाही. गेल्या वर्षी हा दिवसच नव्हता. सुट्या कागदावर लिहून आत ठेवतो आहे.

सकाळी साडेनऊला वॉचमन वर आला नाही, त्याने खालूनच हाक मारली. गाडीपाशी एक बाई उभी होती. चाळिशीची, पंजाबी ड्रेस, हातात स्टीलचा डबा. म्हणाली, "काका, मी सुगंधा. विक्रोळीला कन्नमवारनगरात पोळी-भाजी केंद्र आहे माझं. गाडी बघायची होती."

मी किल्ली दिली आणि नेहमीप्रमाणे दोष एकपासून सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. दार उघडून बसली. सीट पुढे घ्यायचा दांडा अडकतो, तो बाजूने टाचेने मारल्याशिवाय सुटत नाही. हा दोष सहा. मी सहापर्यंत पोचलो नव्हतो. तिने न बघता टाच मारली. मग मागे वळून डाव्या काचेची दोन बोटं तळहाताने वर ढकलली. मग अमृतांजनाच्या वासात नुसती बसून राहिली.

मी म्हटलं, "फोटोत चिठ्ठ्या वाचता येतात वाटतं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही काका. आणि दुसऱ्या गिअरची चिठ्ठी नाही लावलीत तुम्ही."

"दुसऱ्या गिअरला काय झालं?"

"लगेच नाही पडत तो. जोर केला की खरखरतो. एक क्षण थांबायचं, मग आपला आपण जातो. मॅडम म्हणायच्या, हा गिअर आमच्या ह्यांच्यासारखा आहे. ढकलू नकोस. थांब."

मी कठड्यावर बसलो.

तिने मग सगळं सांगितलं. गुरुवारी सकाळी कंपनीच्या वसाहतीमागच्या रिकाम्या रस्त्यावर शुभा बायकांना गाडी शिकवायची. पैसे घेत नव्हती. एकीने दुसरीला आणलं, दुसरीने तिसरीला. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी नर्स, एक शाळेतली शिपाईबाई. सगळ्या मिळून तेवीस. क्लच दोनदा बदलला, तो सगळ्यांनी वर्गणी काढून. गेल्या मार्चमध्ये मॅडम आल्या नाहीत. फोन लागेना. घर कोणालाच माहीत नव्हतं. पुढचे पाच गुरुवार त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. परवा फोटो आला तेव्हा नंबर ओळखला आणि खालचं वाचलं.

मी विचारलं, "मला का सांगितलं नाही तिने?"

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "राग नका मानू काका."

"नाही."

"आमच्यातल्या निम्म्या घरच्यांपासून चोरून यायच्या. माझा नवरा राजेश, पवईला साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. तो म्हणतो बायकांच्या हातात स्टिअरिंग म्हणजे वाट लागली. सहा वर्षं म्हणतोय, मी शिकवेन तुला. लायसन्स आहे माझं. पिठाच्या डब्यात ठेवलंय. त्याला सांगते, गुरुवारी भजनाला जाते. मॅडम म्हणायच्या, आमच्या ह्यांना कळलं आणि कोणी येऊन विचारलं, तर ते सांगून टाकणार. खोटं बोलताच येत नाही त्यांना. आमच्या लग्नात माझ्या काकूने ह्यांना विचारलं, जेवण कसं होतं, तर हे म्हणाले, मठ्ठा आंबट होता. अशा माणसाच्या डोक्यावर कशाला गुपित ठेवायचं, झोपायचे नाहीत बिचारे."

मठ्ठा आंबटच होता.

गाडी तिला हवी आहे, डबे पोचवायला. पैसे तिचे स्वतःचे आहेत. पण आता ती गाडी घेणार तर राजेशला आणावं लागेल, आणि तो ड्रायव्हर, तोच बघणार. मी विचारलं, तू गाडी चालवतेस हे त्याला कसं सांगणार? म्हणाली, "नाही सांगणार. तोच शिकवणार ना मला आता. पहिल्या दिवशी तीनदा बंद पाडणार मी. खूश होईल."

डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. आज गुरुवार.

ती गेल्यावर हिशोब केला. तेवीस जणी, प्रत्येकी सहाशे सत्तर किलोमीटर. पंधरा हजार चारशे दहा. दोन किलोमीटर उरतात. ते माझ्या तीन दिवसांचे असावेत.

दोष ३०: दुसरा गिअर. चिठ्ठी बांधली.

रविवार, ३ मार्च

आता वार दोनाने चुकतो.

राजेश आणि सुगंधा अकरा वाजता आले. नितेशही आला होता, मी बोलावलं नव्हतं. राजेश उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, गाडीकडे डॉक्टरसारखा बघणारा. त्याने सुगंधाला लांब उभं केलं. "तू थांब गं तिकडे. तुला काय कळणार?"

"नाहीच कळणार," सुगंधा म्हणाली.

त्याने गाडी आवारात एक चक्कर फिरवली. उतरला आणि चिठ्ठ्या वाचू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीटरची आणि क्लचची चिठ्ठी अजून तशीच आहे. काढायला हवी होती. पण क्लच दुरुस्त झालेला नाही आणि सही कोणी केलेली नाही, त्यामुळे काढायचा विचारच आला नव्हता.

राजेशने आधी एकोणतीस वाचली, मग सत्तावीस, मग परत एकोणतीस. मग सुगंधाकडे बघितलं. मग माझ्याकडे आला.

"काका, ही गाडी क्लासला होती का?"

मी काच पुसायला लागलो.

"नाही, कसंय, आमच्या ड्रायव्हर लोकांत बोलायचे. विक्रोळीला गुरुवारी एक म्हातारी बाई पांढऱ्या गाडीवर बायकांना शिकवते म्हणून. आणि आमची ही," त्याने मान वळवली नाही, नुसता अंगठा मागे केला, "गुरुवारी विक्रोळीलाच भजनाला जायची. नितेशभाई सांगत होते, तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगा. हे पंधरा हजार किलोमीटर मॅडम कुठे जात होत्या?"

सुगंधा जमिनीकडे बघत होती. शुभाने जे होऊ नये म्हणून सहा वर्षं सांभाळलं होतं ते माझ्या समोर उभं होतं, कडक इस्त्रीत. आणि आणलं होतं मीच. दोऱ्याने बांधून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "कुठेच नाही. मीटर मी फिरवला."

"काय?"

"मीटर मी पुढे फिरवला. पंधरा हजार चारशे बारा."

नितेशच्या डोक्यावरचा गॉगल खाली पडला.

"पुढे?" राजेश म्हणाला. "पुढे कशाला फिरवला?"

याची तयारी केली नव्हती. जे सुचलं ते बोललो. "आठ वर्षांत फक्त एकवीस हजार दाखवलं तर लोकांना वाटतं, मागे फिरवलाय. म्हणून पुढे केला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. चौतीस वर्षांत शुभाने मला अनेक गोष्टी शिकवायचा प्रयत्न केला, त्यातली ही एक नव्हती.

"च्यायला," राजेश हळूच म्हणाला. "बरोबर आहे." मग मोठ्याने हसायला लागला. "काका, तुम्ही तर लय पोचलेले निघालात! आणि क्लच?"

"मी शिकत होतो. तीन दिवस. ती भिंत बघा."

भिंतीवरचा पोपडा अजून तसाच आहे. तो जाऊन बघून आला. चेहरा खुलला होता. "म्हणजे खरी एकवीसच चाललेली गाडी! सुगंधा, घ्यायची. एकदम झकास गाडी आहे. तुला नाही कळणार, पण झकास आहे."

"तुम्ही म्हणाल तसं," सुगंधा म्हणाली. ओढणी तोंडावर होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

नितेशने मला बाजूला घेतलं. "काका, सतरा वर्षं आहे या लाइनमध्ये. मीटर मागे फिरवलेले हजार बघितले. पण हे... तुम्ही कुठे होतात इतकी वर्षं?"

विक्रोळीला, मी म्हटलं.

महिनाभर मी फक्त खरं बोललो आणि एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. आज एक खोटं बोललो, तेही इतकं ढिसाळ, आणि गाडी विकली गेली. यातून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही. नियमाप्रमाणे नोंद केली. दोष ३१: मालक खोटं बोलतो. चिठ्ठी कुठे बांधायची ते ठरेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली.

गुरुवार, १४ मार्च

कागदपत्रं झाली. सुगंधाने गुरुवारच मागितला. राजेशने रजा घेतली.

चिठ्ठ्या काढायच्या होत्या. सुगंधा बॉनेटवर कागद ठेवून एकेक सही करत गेली, 'दोषांसह स्वीकारले'. तीसही. राजेश म्हणाला, अगं वाचून तरी सही कर. ती म्हणाली, वाचल्यात. निधीच्या चिठ्ठीवर तिने सही केली नाही, ती गाडीलाच राहू दे म्हणाली. सी विंगमधून कोणीतरी खिडकीतून हात जोडले.

एकतीस नंबरची माझ्या खिशातच होती. ती दाखवली नाही. तिच्यावर सही करणारं माणूस आता नाही.

गंधालीला फोन करून सांगितलं, शब्द पाळला. ती म्हणाली, "किलोमीटर मिळाले का बाबा?" मी म्हटलं, मिळाले, आलीस की सांगतो, फोनवर सांगण्यासारखं नाही. ती म्हणाली, "बाबा, तू गुपित ठेवतोयस?" आणि रडायला लागली. का ते विचारलं नाही.

राजेशने सीट मागे घ्यायला दांडा ओढला. निघेना. सुगंधा दाराशी उभी होती, तिने खाली न बघता टाच मारली. "लागला चुकून पाय," ती म्हणाली. मग डावीकडे जाऊन बसली, माझ्या जागेवर. गाडी निघाली. पहिला पडला. गेटपाशी राजेशने दुसरा टाकला आणि तो खरखरला. त्याने परत जोर केला. परत खरखरला. वॉचमनने कान झाकले.

आत सुगंधाने त्याला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण काय सांगितलं ते माहीत आहे. राजेशने हात सैल केला.

मी मोजलं. एक.

गेला.